दोघंही थांबले तर

गोळा हातात आला की टाकायचा. त्यात विचार कसला? नऊ खुंट्या समोर उभ्या असतात, त्या कुठं पळून जात नाहीत, आणि तुम्ही कितीही वेळ टक लावून बघितलंत तरी नवाच्या दहा होत नाहीत. हे मी त्या शेडमध्ये इतक्यांदा बोललोय की लोक आता माझं वाक्य माझ्याआधी पुरं करतात. करू देत. सावकाश खेळणाऱ्या माणसाचा मला राग येतो, आणि माझा राग सगळ्या लष्कराला माहीत आहे. माझं तिथं सायकलीचं दुकान आहे. पंक्चर काढताना गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहून "झालं का, आप्पा?" म्हणालं, तर मी पंप त्याच्याच हातात देतो.

लष्कर म्हणजे सोलापुरातला आमचा भाग. पूर्वी तिथं गोऱ्यांची पलटण होती. पलटण गेली, पण जाताना एक लांबलचक पत्र्याची शेड मागं सोडून गेली. आत शेजारी शेजारी दोन लाकडी पट्ट्या आणि प्रत्येकीच्या टोकाला नऊ खुंट्या. अलीकडून लाकडाचा गोळा घरंगळत सोडायचा, पडतील तेवढ्या खुंट्या पाडायच्या, पलीकडचा माणूस त्या पुन्हा उभ्या करणार, मग दुसरा गोळा. सोजिरांचा खेळ खरा, पण आम्हाला असा काही लागला की विचारू नका. दर मार्गशीर्षात पेठांचे सामने व्हायचे आणि जिंकणाऱ्याला पितळी घंगाळ मिळायचं.

शेडची किल्ली चनमल्लप्पाकडं होती. तो पूर्वी सोजिरांच्या कँटीनमध्ये होता, त्यामुळं ह्या खेळातलं शेवटचं बोलणं त्याचं. दोन्ही पट्ट्यांच्या खाली तुळया एकच. शेजारचा माणूस पावलं टाकत पुढं आला की तुमच्या पायाखालची फळी हलते आणि तुमचा नेम बिघडतो. म्हणून जो आधी गोळा घेऊन उभा राहील त्यानं आधी टाकायचा. शेजारच्यानं मागं सरून थांबायचं, बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. ह्याला चनमल्लप्पा 'पट्टीची अदब' म्हणायचा आणि ती मोडणाऱ्याला सरळ दार दाखवायचा.

मी त्याला एकदा विचारलं, बाबा रे, अदबीचा नियम आहे, मग उभं राहून नुसताच वेळ काढणाऱ्याला काही नियम आहे का? तो म्हणाला, सोजिरांच्या वेळी असल्या माणसाला मागून शिव्या बसायच्या, नियम करायची पाळीच आली नाही. आता सगळी सभ्य माणसं खेळतात, म्हणून ही पंचाईत. एवढंच होतं, की शेडमध्ये दिवा नव्हता. गिरणीचा सहाचा भोंगा झाला की खेळ बंद. तोवर ज्याच्या खुंट्या जास्त तो जिंकला, आणि हातात राहिलेला गोळा वाया.

आमच्या संघात सगळ्यात चांगला हात माझ्या दाजींचा. कुंडलिक मास्तर, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मुन्शिपालटीच्या शाळेत शिकवायचे. आवाज चढवणं त्यांना ठाऊकच नव्हतं. वर्गात दंगा झाला की खडू खाली ठेवून गप्प उभे राहायचे आणि पोरंच ओशाळून गप्प व्हायची. हा माणूस गोळा सोडायचा तो अगदी हलक्या हातानं, झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा, आणि तिकडं खुंट्या धडाधड पडायच्या. मी जोर लावून टाकायचो आणि माझा निम्म्या वेळा बाजूच्या चरात जायचा. असो.

ह्या दाजींची एकुलती लेक रुक्मिणी. तिचं लग्न त्या वर्षी वैशाखात झालं, नव्या पेठेतल्या कापडवाल्या आबासाहेबांच्या नंदूशी. आबासाहेब मूळचे करमाळ्याकडचे. दुकान नव्या पेठेत आलं तरी बोलणं गावाकडचं राहिलं आणि मानपानही गावाकडचाच. लग्नात पंगतीची वेळ झाली तेव्हा त्यांचे थोरले बंधू अजून करमाळ्याहून पोचायचे होते. आबासाहेबांनी सांगून ठेवलं, भाऊ आल्याबिगर पान वाढायचं न्हाय. आम्ही थांबलो. तेवढ्यात पश्चिमेकडून आभाळ काळं करून वावटळ उठली, मांडवाचे वासे हलायला लागले, बुंदीत माती पडायला लागली. चारशे माणूस उपाशी उभं. तेव्हा एकानं ओरडून सांगितलं, वाढा. तो एकजण म्हणजे मी. आणि मी आजही म्हणतो की बरोबर केलं. नाहीतर बुंदीसकट मांडव अक्कलकोटला जाऊन पडला असता.

बंधू आले तेव्हा लोक हात धूत होते. आबासाहेबांनी ते बघितलं. उपरणं झटकून खांद्यावर टाकलं, लेकाला आणि सुनेला घेऊन निघून गेले. त्या दिवशी त्यांनी आमच्याकडं पाणीसुद्धा घेतलं नाही.

रुक्मीला सासरी त्रास होता म्हणावं, तर तसं काही नव्हतं, हे मी मुद्दाम सांगतो. सासू रंभाबाई तिच्यावर जीव टाकायची. नंदू साधा पोरगा, बापापुढं मान खाली, पण बायकोपुढंही मान खालीच. पोरगी सुखात होती. नागपंचमीला माहेरी आली तेव्हा आबासाहेबांनी सांगितलं होतं, न्यायला आमी येऊ. पंचमी झाली, गौरी-गणपती झाले, दसरा झाला. कोण येतंय?

मग आली दिवाळी. लग्नानंतरची पहिली दिवाळी, म्हणजे जावयाला दिवाळसणाचं आवतण देणं मुलीच्या बापाचं काम. दाजी म्हणाले, आधी ते लेकीला न्यायला येतील, तेव्हा मी आवतण मानानं त्यांच्या हातात ठेवीन. तिकडं आबासाहेब म्हणत होते, आधी दिवाळसणाचं आवतण येऊ दे, मग न्यायला जाऊ. हे मला नंदूनं सांगितलं. तो आठ-पंधरा दिवसाला सायकल घेऊन माझ्या दुकानात यायचा, पंक्चर काढा म्हणायचा. ट्यूब पाण्यात बुडवून बघावी तर एक बुडबुडा येत नसे. मी ट्यूब पुसून पुन्हा बसवायचो. दोन घटका बसायचा, रुक्मी कशी आहे विचारायचा, हवा भरून जायचा.

नंदूचं बोलणं मी दाजींना सांगितलं. ते म्हणाले, असेल, पण वरपक्षाचा मान आधी, त्यांनी पाऊल टाकल्याशिवाय मी टाकलं तर तो आगाऊपणा. न बोलावता लेक परत पाठवली तर तिला तिथं उद्या कोण मोजणार? मी म्हणालो, मग मी जातो आणि बोलून येतो एकदाचं. त्यावर माझी अक्का चुलीपुढून म्हणाली, "तू गेलास तर जे थोडं उरलंय तेही जाईल." भावाबद्दल बहिणीचं हे मत. दिवाळी तशीच गेली. फराळाचे डबे भरलेले राहिले आणि लाडू शेजाऱ्यांनी खाल्ले.

आता शेजारणी विचारायला लागल्या होत्या. रुक्मे, अजून हितंच व्हय गं? आधी चौकशी म्हणून, मग हसून, आणि मग कुणी विचारीनासं झालं. हे विचारीनासं होणं वाईट. एकदा पोरीला 'टाकलेली' हा शब्द चिकटला की तो धुऊन निघत नाही, पुढं न्यायला हत्ती पाठवला तरी. रुक्मी सगळी कामं करायची, हसायचीही, पण दारात टांगा वाजला की हातातलं भांडं तसंच धरून उभी राहायची. टांगा पुढं गेला की पुन्हा घासायला लागायची. मला ते बघवत नव्हतं.

अशात मार्गशीर्षातले सामने आले, आणि शेवटच्या सामन्यात कोण समोर यावं? लष्कर आणि नवी पेठ. नव्या पेठेचा शेवटचा गडी आबासाहेब, आमचा शेवटचा गडी दाजी. व्याही शेजारी शेजारी उभे राहणार. मी म्हणालो, दाजींच्या जागी मी उभा राहतो. अक्का म्हणाली, तू त्यांच्या शेजारी उभा राहिलास तर गोळा खुंट्यांना न लागता व्याह्यांना लागेल. मग मी तीन गड्यांतला पहिला झालो.

सामन्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी दाजींकडं गेलो होतो. ते आतल्या खोलीत पोरांच्या पाट्या तपासत होते. रुक्मी माझ्यासाठी चहा घेऊन आली आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. मला म्हणाली, "मामा, तुमच्या त्या खेळात शेजारचा उभा राहिला की आपण थांबायचं ना?"

मी म्हणालो, व्हय.

"आणि दोघंही थांबले तर?"

"तर काय, भोंगा होतो," मी म्हणालो. "अंधार पडतो आणि ज्याचा गोळा त्याच्या हातात राहतो."

तिनं कप उचलला आणि आत गेली. मला वाटलं, पोरीला खेळाची चौकशी करायची हौस आली, चला, तेवढंच मन रमतंय. माझी अक्कल ही अशी. पंक्चर सोडून मला कुठलंही भोक दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पहिले गडी मी आणि नव्या पेठेचा एक सराफ. आमचं तासाभरात आटपलं. गोळा उचलला, टाकला, उचलला, टाकला. सराफ माझ्यापेक्षा चार खुंट्या पुढं गेला, पण वेळ तरी वाया गेला नाही. दुसऱ्या जोडीत आमच्या गड्यानं त्या चार फेडून वर दोन काढल्या. दुपार उतरायला लागली तेव्हा व्याही उभे राहिले, आणि तिथून पुढं जे चाललं ते बघायला देवानं मला जिवंत का ठेवलं होतं कोण जाणे.

दाजी गोळा घेऊन आधी उभे राहिले. आधी उभे राहिले म्हणजे पाळी त्यांची. पण आबासाहेब बाकावरनं उठताहेत एवढं दिसलं आणि दाजी दोन पावलं मागं सरले, मान लववली, म्हणाले, "आधी आपण." मुलीचा बाप वरबापाच्या आधी कसा टाकणार? आबासाहेबांनी तो मान घेतला. घेतला म्हणजे कसा, सावकाश, चवीनं. गोळा उचलला. धोतराच्या सोग्यानं पुसला. खाली ठेवला. पानाची चंची सोडली, पान लावलं, गालात धरलं, चंची बांधली. पुन्हा गोळा उचलला आणि खुंट्यांकडं असं बघत राहिले की जणू त्यातली एक विकत घ्यायची आहे. तोवर दाजी हातात तो जड गोळा घेऊन मागं उभे. खाली ठेवतील तर कसं दिसेल, म्हणून ठेवतही नव्हते.

हे प्रत्येक गोळ्याला. दरवेळी दाजी आधी उभे, दरवेळी "आधी आपण," आणि दरवेळी ती चंची. लोक चुळबुळायला लागले. एकजण खोकला तर चनमल्लप्पानं त्याला बाहेर काढलं. मी चनमल्लप्पाच्या कानाशी जाऊन म्हणालो, हे काय चाललंय, तू काही बोलशील का? तो म्हणाला, एक मान देतोय, दुसरा मान घेतोय, ह्यात अदब कुठं मोडली? ती मोडत नाही तोवर माझ्याकडं नियम नाही. मी म्हणालो, मग सोजिरांसारख्या शिव्या मी देऊ का? त्यानं दाराकडं बोट केलं. मी बसलो. जीभ दातांत धरून बसलो.

ताटकळत उभं राहून दाजींचा हात आखडला होता. एरवी आठ-आठ, नऊ-नऊ पाडणारा माणूस सहावर आला, पाचावर आला. मला कळत होतं की हात आखडलाय हे अर्धंच खरं. हरावं की जिंकावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं. जिंकले तर व्याही चिडणार, व्याही चिडला तर लेक अंगणातच म्हातारी होणार. त्यांच्या कपाळावर मार्गशीर्षात घाम होता. माझा राग तिथं जरा निवला, खरं सांगतो.

शेवटचा एकेक गोळा राहिला तेव्हा नवी पेठ एका खुंटीनं पुढं होती. पत्र्याच्या फटींतून येणारं ऊन भिंतीवर चढून तांबूस झालं होतं. दाजी उभे राहिले. आबासाहेब उभे राहिले. दाजी मागं सरले आणि म्हणाले, "आधी आपण."

पण ह्या वेळी आबासाहेब पुढं आले नाहीत. तेही दोन पावलं मागं सरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "न्हाय मास्तर, ह्या येळी तुमी. आधी सुरू करायची तुमाला सवय हाय की. लग्नात पंगत आधी बशिवली, आता गोळाबी आधी टाका."

झालं. वैशाखापासून पोटात ठेवलेलं एकदाचं बाहेर पडलं, तेही चारचौघांत. लोक माझ्याकडं बघायला लागले. मी पत्र्याकडं बघितलं.

आता दाजी काय करणार? गोळा आधी टाकला तर त्या टोमण्यावर सही केल्यासारखं. आणि आबासाहेब तरी काय करणार? एवढं बोलून बसल्यावर स्वतः आधी टाकला तर बोलणं वाया. दाजी हळू आवाजात म्हणाले, "मान आपला आहे. आधी आपण." आबासाहेब म्हणाले, "न्हाय, आधी तुमी." दोघंही मागं सरलेले, दोघांच्या हातात गोळे, आणि समोर दोन्ही पट्ट्या रिकाम्या. खुंट्या उभ्या करणारी माणसं पलीकडून डोकावून बघत होती की इकडं कुणी मेलं की काय.

मी चनमल्लप्पाकडं बघितलं. त्यानं नुसते हात पसरले. अदब दोन्हीकडून इतकी झाली होती की त्याच्या सगळ्या जन्मात त्यानं एवढी बघितली नव्हती. भिंतीवरचं ऊन वर सरकत पत्र्याला लागलं आणि विझलं. आबासाहेबांनी गोळा ह्या हातातनं त्या हातात घेतला. दाजींनी तर केव्हाचाच दोन्ही हातांनी धरला होता. दोघंही सारख्याच वयाचे, दोघांचेही खांदे सारखेच उतरलेले, आणि दोघांतला एकही गोळा खाली ठेवीना. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की ही माणसं नागपंचमीपासून अशीच उभी आहेत.

भोंगा झाला.

चनमल्लप्पानं दोन्ही गोळे वाया धरले आणि नव्या पेठेला एका खुंटीनं विजय दिला. टाळी कुणी वाजवली नाही. घंगाळ घ्यायला कुणी पुढं आलं नाही. आणि तेवढ्यात दारातली माणसं बाजूला झाली आणि सायकल बाहेर टाकून नंदू आत आला. धापा टाकत होता. आयुष्यात पहिल्यांदा तो बापाच्या समोर मान वर करून उभा राहिला.

"आबा, ती आली," तो म्हणाला.

आबासाहेबांना समजेना. कोण आली? कुठं आली?

नंदूनं सांगितलं ते असं. घटकाभरापूर्वी रंभाबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. दारात टांगा थांबला. आतून रुक्मी एकटी उतरली, टांगेवाल्याकडून ट्रंक उतरवून घेतली आणि उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली. सासूला म्हणाली, "मला कुणी पाठवलं नाही आणि कुणी न्यायलाही आलं नाही. मीच आले. घरात येऊ का?"

आबासाहेबांनी विचारलं, "मग? तुजी आय काय म्हणाली?"

"आई काही बोललीच न्हाय," नंदू म्हणाला. "आत गेली, भाकरीचा तुकडा आणला, ओवाळून टाकला आणि तिला हाताला धरून घरात घेतलं. मग मला म्हणाली, जा, त्या दोगांना सांग, आता बसा म्हणावं खेळत."

मागून कुणीतरी फिस्सकन् हसलं आणि ह्या वेळी चनमल्लप्पानंही त्याला बाहेर काढलं नाही. दाजींनी गोळा खाली ठेवला. ठेवताना तो हातातून निसटला आणि घरंगळत त्यांच्या पट्टीवरनं संथपणे तिकडं गेला आणि एकच खुंटी पाडून थांबला. दाजी बाकावर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मुलीचा बाप चारचौघांत रडतो तेव्हा कुठं बघावं ते मला कळत नाही. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसलो.

आबासाहेब अजून गोळा धरूनच उभे होते. म्हणाले, "तुकडा ववाळला म्हनतोस?" नंदू म्हणाला, व्हय. "मग झालं," ते म्हणाले आणि वाकून गोळा ठेवला. मग दाजींच्या समोर येऊन उभे राहिले. "मास्तर, उठा. लेक नीट पोचली का बघाय नगो व्हय?"

दोघं दाराशी गेले. शेडचं दार अरुंद, एका वेळी एकच माणूस जाणार. आबासाहेब थांबले आणि हात पुढं करून म्हणाले, आधी तुमी. दाजी थांबले आणि म्हणाले, छे छे, आधी आपण. मग मात्र माझं टाळकं सरकलं. मी दोघांच्या पाठीवर एकेक हात ठेवला आणि दोघांनाही एकदम बाहेर ढकललं. दाजींचा सदरा कडीत अडकून फाटला, तो अक्कानं नंतर शिवला.

वाटेत मी दाजींना विचारलं, अक्काला हे माहीत होतं का? ते म्हणाले, ठाऊक नाही. पण नंतर कळलं की ट्रंकेत वरती लाडवांचा डबा होता आणि ते लाडू ताजे होते. आमच्या घरात लाडू वळणारी एकच बाई आहे.

आबासाहेबांच्या ओसरीवर आम्ही बसलो तेव्हा कंदील लागला होता. आम्ही म्हणजे आबासाहेब, दाजी आणि मी, एका घोंगडीवर. आतून रुक्मी पाणी घेऊन आली. पदर डोक्यावर, हातात तबक, तबकात तीन पेले. ती समोर आली आणि थांबली. रीतीनं पहिला पेला सासऱ्याला. पण आबासाहेबांनी हात मागं घेतला आणि दाजींकडं बोट केलं, की आधी त्यांना, पाहुणे हायत. दाजींनीही हात मागं घेतला आणि आबासाहेबांकडं बोट केलं.

रुक्मीनं एकदा ह्यांच्याकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं. तिचा आवाज चढला नाही, बापावर गेलेली पोरगी. म्हणाली, "पंचमीपासून तुम्ही दोघं एकमेकांना मान देताय. मला घरी जायचंय का, हे एकानंही विचारलं नाही."

आबासाहेबांची मान खाली गेली. दाजींची आधीच खाली होती.

मग तिनं तबक वळवलं आणि माझ्यासमोर धरलं. "मामा, तुम्ही घ्या आधी," ती म्हणाली. "तुम्हाला दम निघत नाही."

मी पेला उचलला आणि पाणी पिऊन टाकलं. मला केव्हाची तहान लागली होती.